पाचव्या तारेचा खर्ज

उपासनेत कोणते वाद्य असावे आणि त्याचा नाद कसा असावा, हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे जवळजवळ प्रत्येक शतकात नव्या रूपाने उभा राहिला आहे. कधी तो ऑर्गनच्या निमित्ताने आला, कधी व्हायोलिनच्या, तर कधी आपल्या साध्या पेटीच्या. आज आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील लहानशा धर्मग्रामांत तो पाच तारांच्या बेस गिटारच्या निमित्ताने आला आहे. गायकवृंदातील तरुण म्हणतात, गिटारमधील जुने पिकअप निकामी होत चालले आहेत, ते बदलावेत. मात्र कोणते घ्यावेत यावर त्यांचे आपसात एकमत नाही. वडीलधारी मंडळी विचारतात की, कापसाला भाव न मिळालेल्या वर्षी असा खर्च करावाच कशाला? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा विषय केवळ दुकानदाराच्या सल्ल्यावर न सोपविता त्याचा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते. कारण कोणते पिकअप घ्यावेत, या प्रश्नाचे निम्मे उत्तर विजेच्या शास्त्रात असले, तरी उरलेले निम्मे ख्रिस्तसभेच्या संगीतविषयक परंपरेत आहे.

प्रथम पिकअप म्हणजे काय, ते समजून घेऊ. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदलले की त्या तारेत वीज निर्माण होते. पिकअप म्हणजे याच तत्त्वाचा वाद्यातील उपयोग होय. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. गिटारची तार पोलादी असल्याने ती चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही किंचित चुंबक बनते, आणि ती कंप पावू लागली की वेढ्यांत तिच्याच कंपनाची वीज उमटते. ती वीज पुढे अँप्लिफायरकडे जाते. तात्पर्य, मायक्रोफोन हवेतील आवाज टिपतो, तर पिकअप धातूची हालचाल टिपतो. नायलॉनच्या तारेपुढे तो मुका असतो.

आता ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे वळू. १९ फेब्रुवारी १७४९ रोजी पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी 'आन्नुस क्वी' हे परिपत्रक काढले. इटलीतील देवळांत त्या काळी नाटकगृहाचे संगीत शिरले होते, त्याला आवर घालणे हा त्यामागचा एक हेतू होता. नगारे, तुताऱ्या, शिकारीची शिंगे इत्यादी वाद्ये नाटकी म्हणून त्यांनी वर्ज्य ठरविली. परंतु त्याच परिपत्रकात ऑर्गनबरोबर काही वाद्यांना त्यांनी मोकळीक दिली, आणि त्यांत खर्जाच्या स्वरांची मोठी तंतुवाद्ये व व्हायोलिन यांचा समावेश होता. ही मोकळीक देताना त्यांनी जे कारण सांगितले, ते आजही मनन करण्याजोगे आहे. ही वाद्ये गाणाऱ्यांच्या आवाजाला बळ देतात आणि त्याला आधार देतात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी खर्जाच्या तारेला देवळाचे दार उघडले, ते तिच्या स्वतःच्या सौंदर्यासाठी नव्हे, तर भाविकांच्या कंठाला टेकू देण्याच्या तिच्या सेवेसाठी. गोव्याच्या देवळांत सणाच्या मिस्साला व्हायोलिनच्या जोडीने वाजणारा उंच, धिप्पाड रबेकांव याच सेवेचा मानकरी होता.

ही गोष्ट आपल्या मातीलाही परकी नाही. तंबोऱ्यात खर्जाची तार लावलेली असते, ती गायकाला आधारस्वर मिळावा म्हणूनच. आमच्या भागात गोंड समाजाच्या देवदेवतांच्या कथा गाणारे परधान किंगरी वाजवितात, तेव्हाही तार कंठाच्या खाली राहते, वर चढत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने खेड्यापाड्यांना गाते केले. भजनात वाद्य हे शब्दाचे सेवक असते, हे विदर्भातील माणसाला निराळे शिकवावे लागत नाही.

युरोपातील मोठ्या देवळांत हा खर्ज ऑर्गनच्या पायपट्ट्यांतून येतो. सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा असतो. असा ऑर्गन आमच्यासारख्या धर्मग्रामाला परवडणे केवळ अशक्य. भारतातील मिशन केंद्रांत त्याची जागा पेटीने घेतली. फ्रान्समध्ये अलेक्झांडर दबेन यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, आणि पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालविण्याची, मांडी घालून वाजविण्याची सुटसुटीत पेटी प्रचारात आणली. आज भजनाच्या फडात ती इतकी आपली झाली आहे की, तिला कोणी परदेशी म्हणेल तर लोक हसतील. तरीही याच पेटीला आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दार बंद ठेवले होते, कारण तिचे ठोकळेबाज स्वर भारतीय संगीताला मानवत नाहीत असा विद्वानांचा आक्षेप होता. वाद्याचे परकेपण जन्मावर ठरत नाही, वापरावर ठरते, हे यावरून दिसते. पेटीला एक मर्यादा मात्र आहे. तिचा खर्ज उथळ असतो. दोनशे माणसे एकदम गाऊ लागली की त्यांच्या आवाजाखाली पाया राहत नाही, आणि स्वर हळूहळू उतरू लागतो.

विसाव्या शतकात ख्रिस्तसभेची भूमिका कशी बदलत गेली, तेही पाहण्यासारखे आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आदेश काढला. पियानोला तसेच ढोल, झांज यांसारख्या गोंगाटी वाद्यांना त्यांनी देवळात मज्जाव केला. १९५८ च्या सूचनापत्रात विजेच्या ऑर्गनचा प्रश्न आला. नळ्यांचा ऑर्गन घेण्याची ऐपत नसेल तेथे तात्पुरती सोय म्हणून तो चालवून घ्यावा, असे ठरले. विजेने निर्माण होणाऱ्या नादाला मिळालेली ही अगदी सावध परवानगी होती. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे संविधान संमत केले. नळ्यांच्या ऑर्गनचा मान त्यात कायम राहिला. परंतु पवित्र वापरास योग्य असलेली वा तशी करता येणारी आणि भाविकांच्या उन्नतीला खरोखर हातभार लावणारी अन्य वाद्ये स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने घेण्यास मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल जागतिक पवित्र मिस्सा महोत्सवासाठी मुंबईस आले, आणि लोकभाषेतील उपासनेचे वारे आपल्याकडे जोराने वाहू लागले. आमचा यवतमाळ जिल्हा ज्या अमरावती धर्मप्रांतात येतो, त्याची स्थापना १९५५ सालची. म्हणजे परिषद सुरू झाली, तेव्हा या धर्मप्रांताला अवघी सात वर्षे झाली होती. लॅटिन गायनाची दीर्घ परंपरा येथे रुजायची होती, तोच मराठी गायन आले.

५ मार्च १९६७ च्या 'मुसिकाम साक्राम' या सूचनापत्रात तीन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. लोकमतानुसार जी वाद्ये केवळ ऐहिक संगीतालाच योग्य मानली जातात, ती उपासनेत नकोत. वाद्यांनी आवाजाला आधार द्यावा. मात्र शब्द कळू नयेत इतके त्यांनी त्याला झाकू नये. तिसरी गोष्ट अशी की, धर्मगुरू आपल्या पदाच्या नात्याने एखादा भाग मोठ्याने उच्चारीत असता वाद्ये मूक असावीत. या तिसऱ्या नियमाचा पिकअपशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे, तो पुढे येईल.

इकडे अमेरिकेत निराळीच घडामोड चालली होती. जॉर्ज बोशां आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास पिकअप बसविलेली पहिली यशस्वी गिटार तयार केली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन गिटार होती, आणि तिच्या तव्यासारख्या आकारावरून तिला 'फ्राइंग पॅन' हे नाव पडले. आपल्याकडे लखनौहून मुंबईला आलेल्या व्हॅन शिप्ली यांनी हिंदी चित्रगीतांच्या धुना विजेच्या हवाईयन गिटारवर वाजवून हा नाद घरोघरी पोहोचविला. बेसची कथा याला समांतर आहे. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी १९३० च्या दशकातच विजेची पडदेदार बेस गिटार बनविली होती. परंतु तिचा प्रसार झाला तो रेडिओ दुरुस्ती करणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आपली बेस गिटार बाजारात आणल्यानंतर. धिप्पाड रबेकांव बसच्या टपावर चढविण्याची वादकांची यातायात त्यामुळे संपली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी बेस गिटारला मानाचे स्थान मिळवून दिले, आणि तेथून ती शहरांतील गायकवृंदांत व कालांतराने आमच्या बाजूलाही आली.

फेंडर यांच्या पहिल्या बेसमध्ये एकच वेटोळे असलेला पिकअप होता. अशा पिकअपचा एक स्वभावदोष असतो. तारेचे कंपन जसे तो टिपतो, तशीच भोवतालच्या विजेच्या तारांची, ट्रान्सफॉर्मरची, ट्यूबलाइटची गुणगुणही टिपतो. उपाय असा निघाला की, दोन वेटोळी उलटसुलट जोडावीत आणि त्यांचे चुंबकही उलट ठेवावेत. मग तारेचा आवाज दोहोंत मिळून वाढतो, आणि बाहेरची गुणगुण परस्परांना छेद देऊन नाहीशी होते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये अशा पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. फेंडर यांनीही १९५७ मध्ये आपल्या बेसच्या पिकअपचे दोन भाग करून तोच परिणाम साधला.

पाचवी तार त्यानंतरची. १९६५ मध्ये फेंडर कंपनीने पाच तारांची बेस काढली, पण तिची जादा तार वरच्या स्वराची होती. आज रूढ असलेली खालच्या 'बी'ची तार प्रथम १९७६ मध्ये आलेंबिक कंपनीने जिमी जॉन्सन या वादकासाठी बनविलेल्या बेसवर आली. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, तर पाचव्या तारेचा सुमारे ३१ कंपनांचा. वर सांगितलेल्या ऑर्गनच्या सोळा फुटी नळीशी याची तुलना करावी. गरीब धर्मग्रामाला जो खर्ज कधीच परवडला नसता, तो या एका तारेने त्याच्या आवाक्यात आणला. म्हणून पाचवी तार ही तरुणांची निव्वळ हौस आहे, असे म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

आता यवतमाळच्या परिस्थितीकडे येऊ. पिकअपचा शोध ज्या अमेरिकेत लागला, तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची आहे. आपली ५० ची. बेसच्या सर्वांत वरच्या, म्हणजे 'जी'च्या मोकळ्या तारेचा स्वर ९८ कंपनांचा असतो. त्यामुळे आपल्याकडे पिकअपची गुणगुण ५० व तिच्या पटींत उमटते, ती नेमकी या स्वराला खेटून, किंचित बेसूर. गायनाला स्वर देऊ पाहणाऱ्या वाद्याच्या पोटातच दुसरा चुकीचा स्वर सतत वाजत राहतो. त्यातच आमच्या काळ्या जमिनीची तऱ्हा निराळी. उन्हाळ्यात ती कोरडी पडून तिला हातहात भेगा जातात, आणि आर्थिंगच्या पट्टीशी मातीचा संपर्क क्षीण होतो. मग पावसाळ्यात गप्प असलेली गिटार एप्रिल-मे महिन्यांत गुणगुणू लागली, तर दोष पिकअपवर ढकलला जातो. वास्तविक तो आर्थिंगचा खड्डा कोरडा पडल्याचा असू शकतो. कोळसा व मीठ घातलेल्या त्या खड्ड्यात नियमाने पाणी ओतणे हा अगदी स्वस्त उपाय आहे.

येथे १९६७ च्या त्या तिसऱ्या नियमाची आठवण होते. कृतज्ञतेची महाप्रार्थना चालू असता वादकाने बोटे उचलली, तरी गुणगुणणारा पिकअप मूक होत नाही. आवाजाचे बटण शून्यावर न्यावे हे खरे. परंतु मध्येच 'पवित्र, पवित्र' आणि महाआमेन यांसाठी वाद्य सज्ज ठेवावे लागत असल्याने ते बटण बहुधा उघडेच राहते. ज्या क्षणी संपूर्ण मंदिर शांत असावे, त्या क्षणी ध्वनिक्षेपकातून 'घूं' असा आवाज येत राहतो. म्हणून आमच्या मते उपासनेसाठी पिकअप निवडताना पहिली कसोटी त्याच्या आवाजाची नसून त्याच्या मौनाची आहे. दोन वेटोळ्यांचा, गुणगुण छेदणारा पिकअप घ्यावा. एकेरी वेटोळ्याचा नको, मग त्याच्या आवाजाची तारीफ कितीही होवो.

दुसरी कसोटी मापाची. चार तारांसाठी बनविलेला पिकअप पाच तारांखाली बसविला, तर कडेच्या तारा त्याच्या चुंबकांच्या बाहेर पडतात, आणि नेमकी खर्जाची तार दुबळी ऐकू येते. साबणाच्या वडीसारखे दिसणारे पिकअप साडेतीन, चार, साडेचार इंच अशा निरनिराळ्या लांबीचे मिळतात. जुना पिकअप काढून त्याची लांबी-रुंदी, तसेच त्याच्या जागी पहिल्या तारेपासून पाचव्या तारेपर्यंतचे अंतर कागदावर आखून घ्यावे, आणि तो कागद घेऊनच नागपूर-मुंबईच्या दुकानात जावे. सुट्या चुंबकखिळ्यांऐवजी सलग पट्टीचे चुंबक असतील, तर तारांमधील अंतर थोडे कमीजास्त असले तरी अडत नाही. दोन पिकअप असतील, तर दोन्ही एकाच जोडीचे घ्यावेत. एकच बदलल्यास दोहोंची दिशा परस्परविरोधी होऊन खर्ज पोकळ होण्याचा संभव असतो.

तिसरी कसोटी आवाजाची. आमच्या देवळांतील उभ्या स्पीकरपेट्या ३१ कंपनांचा स्वर काढूच शकत नाहीत, तो त्यांचा धर्म नव्हे. तरीही कानाला तो स्वर कळतो, कारण त्याच्या दुप्पट आणि तिप्पट कंपनांचे उपस्वर ऐकून मूळ स्वर आपले मन भरून काढते. म्हणून 'भारी बास' अशी जाहिरात असलेल्या पिकअपपेक्षा, खालच्या तारेचे उपस्वर स्वच्छ देणारा पिकअप आपल्या उपयोगाचा. भारी बास काँक्रीटच्या भिंतींत घुमतो आणि स्तोत्राचे शब्द गिळतो. तो दुसऱ्या नियमाचाही भंग होय.

चौथा प्रश्न बॅटरीचा. काही पिकअपना नऊ व्होल्टची बॅटरी लागते. ते शांत असतात आणि लांब केबलवरही त्यांचा आवाज मंदावत नाही, हा त्यांचा गुण. पण केबल वाद्यात खोचलेली राहिली की बॅटरी झिजत राहते, आणि ती संपली की वाद्य ऐन मिस्सात विव्हळू लागते. जेथे वाद्याची देखभाल दर महिन्याला निराळ्या हातांत जाते, तेथे बिनबॅटरीचे पिकअप अधिक विश्वासाचे.

या साऱ्याआधी मात्र खर्च टाळण्याचे मार्ग तपासले पाहिजेत. वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाला तेवढा मान दिलाच पाहिजे. तारा गंजल्या आहेत काय? केबल तुटकी आहे काय? जॅकचे सोल्डरिंग सुटले आहे काय? पिकअप तारांपासून फार खाली गेला असेल, तर पेचकसाने दोन फेरे देऊन तो वर घेता येतो. मल्टिमीटर लावून पाहावा. काही हजार ओहम दाखविले, तर वेटोळे बहुधा शाबूत आहे, आणि दोष अन्यत्र शोधावा. काटा हललाच नाही, तर आतील तार तुटलेली असावी, आणि तेव्हा पिकअप बदलणे क्रमप्राप्त होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही तालुक्याचा कारागीर ही तपासणी करू शकतो.

तपासणीनंतरही खरेदी अटळ ठरली, तर आमची एक सूचना आहे. नवे पिकअप बसवून पाहण्यासाठी तरुणांनी एकट्याने खोलीत वाजवून निर्णय करू नये. एखाद्या शनिवारी संध्याकाळी मंदिरात चाळीस-पन्नास भाविकांना बोलावून नेहमीचीच दोन-तीन भक्तिगीते म्हणावीत, आणि वडीलधाऱ्यांना शेवटच्या बाकावर बसवावे. तेथे शब्द स्पष्ट कळत असतील, गाणाऱ्यांचा स्वर तिसऱ्या कडव्यापर्यंत उतरत नसेल, आणि गाणे थांबताच खरी शांतता होत असेल, तर निवड योग्य झाली असे समजावे. त्याच बैठकीत धर्मग्रामाच्या जमाखर्चाची वही उघडून ती तरुणांनीच वाचून दाखवावी. खर्जाची तार ज्यांच्या पैशांवर वाजणार, त्यांच्या घरी यंदा काय पिकले, हे वाजविणाऱ्यांच्या हातांना ठाऊक असणे बरे.